मोहोळ उठण्याआधी काय झाले, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर मधमाश्यांच्या हल्ल्याची बातमी होती. मथळ्यात माश्यांना ‘पिसाळलेल्या’ म्हटले होते आणि पहिल्याच वाक्यात ‘अचानक’ हा शब्द होता. ती बातमी मी दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी सातव्या-आठव्या ओळीत एक अर्धे वाक्य सापडले: इमारतीच्या वरच्या मजल्यावर सकाळपासून भिंत फोडण्याचे काम चालू होते. मोहोळ त्याच भिंतीवरच्या सज्जाखाली होते. म्हणजे सकाळपासून त्या पोळ्याला हादरे बसत होते आणि माश्या दुपारी उठल्या. यात अचानक काय आहे?

जखमींबद्दल मला मनापासून वाईट वाटते. मी ३१ वर्षे परिचारिका होते, त्यातली बरीचशी अपघात विभागात. चेहरा सुजून डोळे मिटलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यांच्या मानेतून आणि केसांतून काटे काढले आहेत. आणि गेली १४ वर्षे मी घरामागे मधपेट्या सांभाळते. माशीने काय केले हे मला रुग्णाच्या अंगावर दिसले आहे आणि का केले हे पेटीसमोर बसून कळले आहे. आपल्या बातमीत पहिला भाग आला, दुसरा आला नाही, म्हणून हे पत्र.

मधमाशी काय राखते, ते आधी सांगते. पेटीच्या दारापुढे चार बोटे रुंदीची फळी असते. सकाळच्या कामांतून मोकळी झाले की मी तिच्या बाजूला, येण्याजाण्याची वाट सोडून, स्टूल टाकून बसते. बाहेरून परतणाऱ्या माश्या धपकन उतरतात आणि घाईने आत शिरतात. पण त्या गर्दीत चार-सहा माश्या अशा असतात की त्यांना कुठे जायचेच नसते. पुढचे पाय जरा उचललेले, मिश्या पुढे रोखलेल्या, अशा त्या उभ्या असतात. उतरणाऱ्या माशीला त्या मिश्यांनी चाचपतात. प्रत्येक वसाहतीचा स्वतःचा वास असतो. तो जुळला की वाट मोकळी, नाही जुळला तर धक्काबुक्की, पाय ओढणे, आणि पाहुणी हटलीच नाही तर डंख. या राखणदार माश्या. कामकरी माशीचे आयुष्य हंगामात जेमतेम सहा आठवड्यांचे. त्यातले पहिले दोन-तीन आठवडे ती घरातली कामे करते, म्हणजे घरे साफ करते, अळ्यांना भरवते, मेण पाडते. मग काही माश्या थोडे दिवस दाराशी राखणीला लागतात, आणि त्यानंतर फुलांवर जातात.

या राखणीचा कडकपणा रोज सारखा नसतो, हे मला सगळ्यात विलक्षण वाटते. फुलोरा भरात असला, की परक्या पेटीतली चुकलेली माशीही फारशी विचारपूस न होता आत जाते. फुले संपली, मकरंदाची टंचाई झाली, की त्याच फळीवर मारामाऱ्या सुरू होतात, कारण अशा दिवसांत एका वसाहतीच्या माश्या दुसरीचा मध लुटायला येतात. राखणदार माश्या टंचाईत परकीला अडवण्याचे प्रमाण वाढवतात आणि सुगीत कमी करतात, हे संशोधकांनी मोजून दाखवले आहे. मी स्वतः टंचाईच्या दिवसांत पेटी उघडायचे टाळते. उघडावी लागलीच तर चटकन बंद करते.

आता आपल्या बातमीतले आग्या मोहोळ. आग्याला पेटी नाही, दार नाही, भिंत नाही. एकच मोठे पोळे, कधीकधी हाताच्या पसाऱ्याएवढे रुंद, उघड्यावर लटकलेले. त्यावर माश्यांचे दोन-चार थर असतात आणि आतली अंडी, अळ्या, मध या सगळ्याला तेवढाच जिवंत पडदा. पोळ्याजवळ गांधीलमाशी घिरट्या घालू लागली की या पडद्यावरून एक लाट जाते. एका जागच्या माश्या पोटाचा भाग झटकन वर उचलतात, शेजारच्या त्यांच्यामागून, त्यांच्या शेजारच्या त्यांच्यामागून, आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत काळी चमक पोळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन विरते. नेपाळमध्ये केलेला याचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. या लाटांमुळे गांधीलमाशीला पोळ्यापासून साधारण ५० सेंटीमीटर दूर राहावे लागते आणि पोळ्यावर बसलेल्या माश्या वाचतात. या लाटेत एकही डंख मारला जात नाही. दिवसभरातला बहुतेक बंदोबस्त असा, कोणाला इजा न करता चालतो.

माणूस किंवा मोठे जनावर जवळ आले तरीही आधी इशारे मिळतात. पोळ्यावर चुळबुळ वाढते, लाटा पुन्हा पुन्हा येऊ लागतात, घोंघावण्याचा सूर चढतो. मग एक-दोन माश्या येऊन डोक्याभोवती फिरतात, कपाळावर आपटतात, पण डंख मारत नाहीत. खडा लागावा तसे ते आपटणे लागते. हे ज्याला माहीत आहे तो तिथूनच मागे फिरतो. ज्याला माहीत नाही तो हाताने त्या माशीला झटकतो आणि झटकताना मारतो. दगड मारला, खालून जाळ केला, ड्रिलचे हादरे बसत राहिले, तर मात्र इशाऱ्यांचे टप्पे फार लवकर ओलांडले जातात. त्या दिवशी भिंत फोडणाऱ्या कामगारांना दुपारपर्यंत चार-दोन माश्या येऊन धडकल्या असतीलच असे मला वाटते. त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता. त्यांना कामाला लावणाऱ्याने आधी सज्जाखाली वाकून पाहायला हवे होते. त्या कामगारांना मी दोष देत नाही.

पुढचे माझ्या मनगटावरचे. पेट्या घेतल्याच्या तिसऱ्या वर्षी, संध्याकाळी पाऊस येईल या घाईत, मी हातमोजे न घालता पोळे बांधलेली एक लाकडी चौकट पेटीत परत बसवत होते. चौकटीच्या कानाखाली, म्हणजे वरच्या पट्टीच्या टोकाखाली, एक माशी चेपली. दुसऱ्या क्षणी पिकल्या केळ्यासारखा वास आला. पोळ्यातून असा वास का यावा, असा विचार मनात येतो न येतो तोच मनगटावर डंख बसला. मग त्या डंखापासून दोन बोटांवर दुसरा. मग तिसरा. सगळे एकाच जागी, दुसरा हात उघडा असूनही. तो वास धोक्याच्या सूचनेचा असतो. माशीच्या नांगीजवळून जे द्रव्य सुटते त्यातले मुख्य रसायन आयसोपेंटिल ॲसिटेट, आणि केळ्याच्या वासातही तेच असते. १९६२ मध्ये ते ओळखले गेले. काटा जिथे रुततो तिथे तो वास चिकटून राहतो आणि पाठच्या माश्यांना नेमकी जागा दाखवतो. म्हणून एका डंखानंतर तिथेच उभे राहणे सगळ्यात वाईट. मी चौकट हळूच खाली ठेवली, पंधरा-वीस पावले दूर गेले, काटे खरवडले, मनगट साबणाने धुतले, माश्यांना धूर द्यायचे धुराडे घेऊन परत आले आणि पेटी बंद केली.

डंख मारणारी माशी मरते. कामकरी माशीच्या काट्याला उलट्या वळणाचे दाते असतात. माणसाच्या लवचीक कातडीत ते अडकतात आणि माशी सुटायला धडपडली की काटा, विषाची पिशवी आणि पोटातला काही भाग मागे राहतो. दुसऱ्या कीटकाला डंख मारताना बहुधा असे होत नाही. राणीमाशीच्या काट्याला असे मोठे दाते नसतात, आणि नराला काटाच नसतो. जी माशी डंख मारते ती स्वतःला पिल्ले नसलेली, राणीच्या पिल्लांसाठी, म्हणजे आपल्या बहिणींसाठी मरते. तिला ‘पिसाळलेली’ म्हणणे मला सहन होत नाही, आणि हे नुसत्या भावनेने म्हणत नाही. पिसाळलेले जनावर कोणालाही, कुठेही चावते. फुलावर बसलेली तीच माशी, तुम्ही हात लावून चिरडत नाही तोवर, तुमच्याकडे बघतही नाही. घरापासून दूर असलेल्या माशीला राखायला काही नसते. तीच गोष्ट जुने घर सोडून नव्याच्या शोधात निघालेल्या, फांदीला लटकलेल्या थव्याची. त्यांच्याजवळ ना अळ्या ना पोळे, पोटात तेवढा वाटेपुरता भरून घेतलेला मध. असा थवा मी उघड्या हाताने पेटीत उतरवून घेतला आहे. (शिकल्याशिवाय कोणी करू नये, आणि तो थवा आग्याचा नव्हता, हेही लिहून ठेवते.)

सातेरीची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. सातेरी ही आग्यापेक्षा लहान, पेटीत नांदणारी, गरीब स्वभावाची म्हणून ओळखली जाणारी माशी. एकदा माझ्या पेटीच्या दारात मोठी गांधीलमाशी उतरली. राखणदार माश्या मागे सरकल्या, मला वाटले घाबरल्या. ती पुढे झाली तशी दोन्हीकडून तिच्यावर झडप पडली आणि बघता बघता लिंबाएवढा माश्यांचा गोळा झाला. डंख नाहीत, चावे नाहीत, गोळा नुसता थरथरत होता. किती वेळ ते घड्याळात पाहायचे मला सुचले नाही. गोळा सुटला तेव्हा गांधीलमाशी फळीवर मेलेली होती, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. माश्यांनी पंखांचे स्नायू थरथरवून तिला उष्णतेने मारले होते. याच जातीच्या जपानमधील माश्यांवरचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे: गोळ्याच्या आत तापमान ४६–४७ अंश सेल्सियसपर्यंत चढते. गांधीलमाशी ते सोसू शकत नाही, मधमाशी त्याहून दोन-तीन अंश अधिक सोसते. सगळी लढाई त्या दोन-तीन अंशांवर. लहानशी फुलोरी माशी तर आपल्या पोळ्याच्या फांदीवर दोन्ही बाजूंनी चिकट राळेचा पट्टा ओढते, मुंग्यांनी यायचेच नाही. एवढ्या तऱ्हा जिच्याकडे आहेत, तिच्यासाठी डंख हा शेवटचा उपाय असतो.

बातमीखालच्या चौकटीतल्या तीन सूचनांबद्दल लिहिणे मला सगळ्यात गरजेचे वाटते, कारण त्या वाचून कोणी तसे वागले तर जीव जाईल.

‘पाण्यात उडी मारा’ असे लिहिले आहे. माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात आणि श्वासासाठी डोके वर काढले की चेहऱ्यावर बसतात. पोहता न येणाऱ्याचे काय होईल, ते सांगायला नको. ‘निश्चल पडून राहा’ ही दुसरी सूचना. एखादी माशी भोवती फिरत असेल तर शांत उभे राहणे बरोबरच आहे. पण मोहोळ उठल्यावर, अंगावर काटे रुतलेले असताना पडून राहणे म्हणजे वास लागलेल्या जागी थांबणे. तेव्हा पळायचेच. हात न झाडता, शर्ट किंवा ओढणी चेहऱ्यावर ओढून, वाट दिसेल एवढी फट ठेवून, सरळ रेषेत, बंद खोलीत किंवा बंद गाडीत शिरेपर्यंत. चार माश्या आत आल्या तरी चालेल. लोकांच्या घोळक्यात मात्र शिरू नये. माश्या चेहऱ्याकडे येतात, कारण श्वासातला कार्बन डायऑक्साइड, गडद रंग आणि हालचाल त्यांना खुणावते. लहान मूल सोबत असेल तर त्याचा चेहरा आपल्या अंगात दडवून पळावे. तिसरी सूचना ‘धूर करा’. धुराने माश्या शांत होतात हे खरे. धोक्याचा वास धुरात झाकला जातो, आणि माश्या मधाकडे वळून पोट भरू लागतात. पण तो धूर गार असतो, थोडा असतो आणि पेटी उघडण्याआधी द्यायचा असतो. उठलेल्या आग्या मोहोळाखाली कागद पेटवणे म्हणजे दुसरा हल्ला ओढवून घेणे. अशा जाळाने भाजलेले आणि डंखही बसलेले रुग्ण मी हाताळले आहेत.

डंखावर काय करायचे, ते परिचारिका म्हणून सांगते. काटा चिमटीत धरू नये, पिशवी दाबली जाते, असे आम्हालाही शिकवले होते. ते शिक्षण मागे पडले आहे. पिशवी मागे राहिल्यावर आपोआप विष ढकलत राहते आणि २० सेकंदांत त्यातले ९० टक्के आत जाते, हे १९९४ मध्ये मोजले गेले. १९९६ मधील दुसऱ्या अभ्यासात दिसले, की काटा कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला यालाच महत्त्व आहे. म्हणून नखाने, चिमटीने, जे हाताशी असेल त्याने, पण लगेच. मात्र मोहोळ उठलेले असेल तर आधी पळायचे, काटे आडोशाला पोचल्यावर.

एकदा रात्रपाळीत एक जण पायावर दोनच डंख घेऊन चालत आला. नावनोंदणी होईपर्यंत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, नाडी हाताला लागेना. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनालिनचे इंजेक्शन दिले आणि तो वाचला. त्याच खाटेवर दुसऱ्या एका दिवशी साठ-सत्तर डंखांची बाई होती, ती दुसऱ्या दिवशी घरी गेली. ॲलर्जी असेल तर एक डंखही पुरतो. ॲलर्जी नसलेल्या निरोगी प्रौढाला नुसत्या विषाने मरण यायला शेकडो डंख लागतात. लहान मुलांना कमी पुरतात. श्वास घेताना त्रास, ओठ-जीभ सुजणे, चक्कर, उलट्या, यातले एकही दिसले तर वाट पाहू नये. आणि फार डंख बसलेल्या माणसाला बरे वाटले म्हणून लगेच घरी नेऊ नये. स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडावर परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात. लघवी गडद, चहासारखी होऊ लागली तर तातडीने डॉक्टरांना सांगावे. हे दहा ओळींत छापता येते. आपल्या चौकटीत जागा तेवढीच होती.

शब्दांबद्दल इतका आग्रह का, असे कोणी विचारील. ब्राझीलमध्ये १९५६ मध्ये वॉरविक केर या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतून राण्या आणल्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या काही थव्यांसह निसटल्या आणि त्यांचा तिथल्या युरोपीय माश्यांशी संकर झाला. ही संकरित माशी लवकर चिडते, जास्त संख्येने बाहेर पडते, जास्त अंतर पाठलाग करते, हे सगळे खरे आहे आणि माणसे मेली हेही खरे. पण जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिचे नाव ‘खुनी मधमाशी’ ठेवले, आणि हातात काय उरले, तर फक्त भीती. तीच माशी पोर्तो रिको बेटावर १९९०च्या दशकात पोचली आणि थोड्याच वर्षांत तिथे शांत झाली. तिच्या जनुकांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्या बेटाची ही बातमी कितीजणांनी वाचली असेल? भीती छापली की शेजारपाजारचे लोक आग लावणाऱ्याला बोलावतात, आणि जे नुसते अंतर ठेवून भागले असते ते जाळले जाते.

आपल्या बातमीचे शेवटचे वाक्य होते की रात्री मोहोळ जाळण्यात आले आणि रहिवाशांनी सुटकेचा श्वास घेतला. आग्या एका जागी कायम राहत नाही. काही महिन्यांनी वसाहत स्वतःच पोळे सोडून दुसरीकडे जाते. तोवर काम पुढे ढकलणे, त्या बाजूची खिडकी बंद ठेवणे, खाली दोरी बांधून फलक लावणे, इतके पुरते. जिथे खरोखर हलवावेच लागते, तिथे हे काम जाणणाऱ्या माणसाला बोलवावे.

जाळलेल्या मोहोळाची जागा मी एकदा जवळून पाहिली आहे. सकाळी भिंतीवर काळा डाग होता, खाली वितळून थिजलेले मेण, त्यात पंख जळालेल्या माश्या चालण्याचा प्रयत्न करत होत्या. आणि वर, नेमक्या त्या काळ्या डागावर, वाचलेल्या माश्यांचा तळहाताएवढा पुंजका बसला होता. राणी नव्हती, पोळे नव्हते, अळी एकही नव्हती. पुंजका चौथ्या दिवसापर्यंत होता, रोज थोडा लहान होत गेला. मी जवळ गेले तेव्हा त्यातली एक माशी उठली, माझ्या कपाळावर आपटली आणि परत जागेवर जाऊन बसली.

आपल्या बातमीतल्या सज्जाखाली आज असा पुंजका असण्याची शक्यता आहे. तिथले काम पुन्हा सुरू झाले असेल किंवा होणार असेल. म्हणून विनंती, की आपल्या वार्ताहराने तिथल्या मुकादमाला एवढे तरी आजच कळवावे: सज्जाखाली आधी लांबून नीट पाहा, माश्या दिसल्या तर तेवढ्या भिंतीचे काम आठवडाभर थांबवा, आणि माणसांना सांगा की कपाळावर माशी आपटली तर हात न उचलता मागे फिरा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका